सतरंजीखालचा डाग

मित्रांनो, घरात आल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी जिच्यावर पाय ठेवता आणि जिच्याकडे सगळ्यांत शेवटी बघता, ती मी. चिंध्या विणून केलेली एक जुनी, लांबलचक सतरंजी. फिनलंडमधल्या वारकाउस गावी, तळ्याजवळच्या एका पिवळ्या लाकडी घरात हिल्काने मला मागावर विणले. तेव्हा तिच्या पोटात तिची लेक सातू होती. माझ्या निळ्या पट्ट्यांत तिच्या नवऱ्याचे, म्हणजे ताउनोचे, कागद गिरणीतले फाटके सदरे आहेत. पिवळ्या पट्ट्यांत जुने पडदे आहेत. मी काही बाजारातून आलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाहेरच्या खोलीत माझा मोठा मान होता. नाताळ जवळ आला की ताउनो मला अंगणातल्या बर्फावर उलटी टाकून असा झोडपायचा की सातू खिदळत सुटायची. आमच्याकडे बूट दाराशीच काढतात. त्यामुळे मोज्याला भोक आहे की नाही, हे मला पहिल्याच पावलाला कळते, आणि माणूस कसा आहे, हे दोन-चार पावलांनी.

मग ताउनो गेला. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप ठिबकू लागला. हिल्काने खाली भांडे ठेवले. भांडे भरायचे, ती ओतायची, कधी विसरायची. हळूहळू फळ्या काळ्या पडल्या. प्लंबरला बोलवायचे तिच्या जिवावर आले. ताउनोच्या हयातीत त्या घरात परका माणूस कधी हातोडी घेऊन आला नव्हता, आणि आता शेजारणीने विचारले तर काय सांगायचे? एके सकाळी तिने मला ओढत नेले आणि सिंकसमोर अंथरले. मला वाटले, जागा बदलली, बरे झाले. दुपारपर्यंत माझी पाठ ओली झाली तेव्हा कळले की मला कशासाठी आणले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत पाणी असेल तर ते गळणारच.

तांपेरेहून सातूचा फोन यायचा. हिल्काला नीट ऐकू येत नाही म्हणून ती तो मोठ्या आवाजात लावायची.

“आई, जिन्यावरून पडलीस तर कोण बघणार तुला? वीक ते घर आणि इकडे ये.”

“विकते ना. पण एजंट कुठला धरायचा?”

“दोघांना बोलव. ऐकून घे. आणि गोड बोलतो म्हणून धरू नकोस!”

आधी मेर्वी आली. जाड लोकरी मोजे, सावकाश पाऊल. हिल्काने कॉफी ओतायला घेतली तर म्हणाली, “नको, मी घेत नाही.” हिल्काचा हात किटलीवरच थांबला. आमच्याकडे कॉफीला नाही म्हणणे म्हणजे घरालाच नाही म्हणणे. मेर्वी माझ्यावर आली, थबकली, खाली वाकली आणि सरळ माझा कोपरा उचलला.

“हे किती दिवसांचं आहे, हिल्का?”

हिल्का खिडकीबाहेर बघत राहिली.

“तपासणी करून घेऊ. फळ्या उचलाव्या लागतील. किंमत कमी येईल, पण विकल्यावर कोणी तुमच्या दारात भांडायला येणार नाही.”

ती गेल्यावर हिल्का माझा कोपरा पायाने दाबत पुटपुटली, “कॉफी न पिणारी बाई माझं घर काय विकणार!” पण खरे दुखणे कॉफीचे नव्हते. डाग दिसला, याची तिला लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ओस्करी आला. पातळ रेशमी मोजे. तीन कप कॉफी प्यायला, वेलदोड्याचे दोन गोड पाव खाल्ले, ताउनोच्या फोटोसमोर हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. किंमत तर अशी सांगितली की हिल्का खुर्चीत बसली. त्या पैशांत सातूच्या इमारतीतच दोन खोल्या मिळणार होत्या. मग तो सिंकपाशी आला. माझ्याखालची फळी त्याच्या टाचेखाली दबली. त्याने टाच पुन्हा दाबली. मित्रांनो, त्याला कळले होते, मी शपथेवर सांगते.

“घरात काही दोष माहीत आहे का तुम्हाला?” त्याने विचारले.

हिल्का रिकामे कप उचलू लागली.

“म्हणजे नाही, असं धरतो. आणि ही सतरंजी इथेच राहू द्या हं. फोटोत किती छान दिसेल!”

हिल्काने त्यालाच निवडले. सही करताना तिने माझा कोपरा पायाने दाबून धरला होता. मला जीभ असती तर मी ओरडले असते.

रविवारी घर बघायला लोक येणार होते. “मालकीण समोर असली की लोक मोकळेपणाने बघत नाहीत,” असे म्हणून ओस्करीने हिल्काला शेजारच्या राइलीकडे पाठवले. पुष्कळ पाय आले आणि गेले. एक तरुण जोडपे मात्र रेंगाळले. त्यांचा छोटा मुलगा माझ्या निळ्या पट्टीवरून गाडी फिरवत होता. फिरवता फिरवता दमला आणि माझ्यावर गाल टेकून आडवा झाला. वरून त्याचा उबदार गाल, खालून कुजका ओलावा. त्याला खोकला आला. माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढे अवघडल्यासारखे कधी झाले नव्हते.

“हेच घर घेऊ या,” त्याची आई म्हणाली. “कर्ज जास्त होईल, पण हेच घेऊ.”

त्याच वेळी हिल्का दारात उभी होती. औषधाची डबी विसरली म्हणून परत आली होती. तिने त्या मुलाकडे बघितले. डबी न घेताच ती आत आली आणि वाकली.

“ऊठ रे राजा. मला ही धुवायला न्यायचीय.”

“हिल्का!” ओस्करी दातांतून हसत म्हणाला. “आज? आत्ता?”

“ऊन पडलंय,” हिल्का म्हणाली आणि मला गुंडाळू लागली.

मुलाचा बाप खाली बसला. त्याने काळ्या फळीवर बोट दाबले, तर बोट आत गेले.

“पाइप वर्षभर गळतोय,” हिल्का म्हणाली. “मला लाज वाटत होती, म्हणून झाकलं. तुमचं लेकरू इथे झोपलेलं बघवलं नाही मला.”

ओस्करीने तिला दाराबाहेर गाठले. “अहो, पाच मिनिटं थांबला असतात तर घर विकलं गेलं असतं!”

“तेच तर,” हिल्का म्हणाली.

तिने मला ढकलगाडीत घालून तळ्यावरच्या धुण्याच्या धक्क्यावर नेले आणि पाइनच्या साबणाने घासले. घासता घासता ती रडली. राइली पाणी ओतत म्हणाली, “इतकी वर्षं शेजारी राहतो आपण, आणि नळ गळतो एवढं सांगायला तुझी जीभ झडली होती का?” संध्याकाळी हिल्काने मेर्वीला फोन केला. एका दिवसात घर विकले गेले, असे काही झाले नाही. फळ्या उचलल्या तर खालच्या तुळयाही कुजलेल्या निघाल्या. ते जोडपे परत आलेच नाही. हिवाळा उलटल्यावर एका सुताराने घर घेतले, सगळे ठाऊक असून, पडेल भावात.

सातूच्या इमारतीतल्या दोन खोल्या आता परवडण्यासारख्या नव्हत्या. हिल्काला तांपेरेच्या टोकाला एक खोली मिळाली. सातूकडे जायचे तर दोन बस बदलाव्या लागतात. त्या खोलीत मी मावत नाही, म्हणून कपाटामागे गुंडाळून उभी आहे. कोणाचे पाऊल लागत नाही, याचे वाईट वाटते. खोटे कशाला बोलू? हिल्काही कधी कधी खिडकीशी बसून उसासा टाकते. पण दारावरची घंटा वाजली की ती दचकत नाही.

मित्रांनो, कधी तुमचे घर विकायची वेळ आली, तर तुमच्या घराची वाखाणणी करतो त्याला लगेच हो म्हणू नका. आधी तो खाली वाकतो का ते बघा. आणि आम्हा सतरंज्यांवर खुशाल पाय पुसा, आम्हाला बर्फात झोडपा, आम्ही ब्र काढणार नाही. फक्त आमच्याखाली काही लपवू नका. आमच्यावर कोणाचे लेकरू येऊन झोपेल, हे आम्हालाही आधी ठाऊक नसते.