झाकणाच्या आतली यादी

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. रंगाने काळी, कडी जरा वाकडी, उजव्या कोपऱ्यात एक मोठा पोचा. बाहेरून माझ्यात बघण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. पण मित्रांनो, माझं झाकण उघडा आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद बघा. माझी सगळी कहाणी त्या कागदाची आहे.

बेळगावच्या छावणीबाहेर एका पत्रेवाल्याने मला घडवलं. शिराळ्याजवळच्या एका गावातून नवे भरती झालेले शिपाई लालासाहेब मला घेऊन गेले. त्यांनी माझ्यावर पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव आणि नंबर लिहून घेतला. त्यांच्या पलटणीत एक शिस्त होती. ट्रंकेत जे आहे त्याची यादी झाकणाच्या आत चिकटवायची. बनियन चार, मोजे तीन जोड, आरसा एक. तपासणीच्या दिवशी साहेब यादी वाचायचे आणि लालासाहेब एकेक वस्तू वर काढून दाखवायचे. यादीतली वस्तू आत नसली किंवा आतली वस्तू यादीत नसली, तरी शिक्षा एकच. पंधरा वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले, एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीलाही गेले. पण आमची यादी एकदाही चुकली नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे लालासाहेब हवालदार झाले, त्यांना नवी ट्रंक मिळाली आणि मी घरी आले. चौऱ्याहत्तर साली त्यांची मुलगी लीला सांगलीला कॉलेजात निघाली, तेव्हा मला तिच्याबरोबर एसटीच्या टपावर चढवलं. वसतिगृहातल्या मुलींनी माझ्यावरचा नंबर वाचला आणि म्हणाल्या, "अगं, ही शिकायला आलीय की लढाईला?" लीला ओशाळली. मी मात्र ताठ होते.

पहिल्या वर्षी लीलाला समाजशास्त्राने वेड लावलं. तो विषय शिकवणाऱ्या क्षमाबाई वाईच्या. वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच. एप्रिलमध्ये एका दुपारी त्या लीलाच्या खोलीत आल्या. खुर्ची नव्हती, म्हणून दोघी माझ्यावरच बसल्या.

"नुसता आवडतो म्हणून विषय घेऊ नकोस, लीला," बाई म्हणाल्या. "पुढच्या दोन वर्षांचं आखून घे."

मग आखणी झाली. दुसऱ्या वर्षी भारतीय समाज आणि सामाजिक समस्या. तिसऱ्या वर्षी ग्रामीण समाजशास्त्र, समाजाचा विचार करणारे थोर लोक, संशोधनाच्या पद्धती आणि शेवटी स्वतःचा एक अभ्यास. दोन्ही वर्षं मराठी हा जोडविषय, म्हणजे पुढे बी.एड. करून शाळेत नोकरीची वाट मोकळी. प्रत्येक विषयासमोर पुस्तकांची नावं. बाईंनी सुट्टीसाठी एक कामही दिलं. गावातल्या दहा घरी जायचं आणि विचारायचं की कर्ता माणूस फौजेत असतो, तेव्हा घरातले निर्णय कोण घेतं.

"दारात उभं राहून विचारायला जमलं, तरच हा विषय घे," त्या म्हणाल्या.

लीलाने तो कागद खळ लावून माझ्या झाकणात, बनियन-मोज्यांच्या यादीवर चिकटवला. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

सुट्टीत मला घेऊन गावी आल्यावर ती दहा घरं फिरली. दहा कागद भरले. पण तिचे काका नानासो यांनी विषयाचं नाव ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"समाजशास्त्र शाळंत शिकवत्यात का? न्हाई. मग नोकरी कुठली लागनार? मराठी घे गपगुमान. दादा रजेवर आला की मी सांगतोच त्याला."

विषयाच्या अर्जावर वडिलांची सही लागणार होती आणि मुदत आठ दिवसांवर आली होती. सही मिळाली नाही, तर शिक्षणच बंद होईल या भीतीने लीलाने वडिलांना दाखवण्यापुरता दुसरा कागद लिहिला. मुख्य विषय मराठी, खाली कविता, व्याकरण, भाषेचा इतिहास. तो तिने पहिल्या कागदावर चिकटवून टाकला. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. माझ्या झाकणावर खोटं कधी चढलं नव्हतं.

लालासाहेब रजेवर आले. दुसऱ्याच सकाळी त्यांनी सोप्यात घोंगडं टाकलं. "लीले, ट्रंक आण हिकडं. तपासणी करू."

त्यांनी झाकण उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "भाषेचा इतिहास. दाखव."

लीलाने काही दाखवलं नाही.

"व्याकरण. दाखव."

तिची मान खाली. लालासाहेबांनी स्वतःच हात घातला. समाजशास्त्राची पुस्तकं निघाली, वह्या निघाल्या, ते दहा कागद निघाले. नानासो म्हणाले, "बघ दादा, पोरगी फसवायला लागली."

लालासाहेबांनी वरचा कागद उचलला. घर पहिलं, मनुबाई. म्हणजे त्यांचीच बायको. त्यांनी वाचलं, "निर्णय मीच घेते. ते रजेवर आले, की त्यांच्याच तोंडून वदवून घेते."

मनुबाई चुलीपासून उठून दारात आल्या.

"मागच्या साली म्हस इकली ती?" लालासाहेबांनी विचारलं.

"आवं, म्हस गेल्यावरच तुमास्नी पत्र धाडलं हुतं. तुमी 'इका' म्हणून कळीवलंत, लय बरं वाटलं."

लालासाहेब पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर ते लीलाकडे वळले. "यादी एक आन आत माल दुसराच. माझ्या ट्रंकंत हे चालायचं न्हाई. बदल."

लीला रडत रडत पुस्तकं बाहेर काढू लागली.

"पुस्तकं ऱ्हाऊ दे गं. यादी बदल म्हनलं मी."

तिने ओला फडका लावून वरचा कागद सोलला. खालची आखणी लालासाहेबांनी बोट ठेवून वाचली. "ह्यो जोडविषय कशापायी?"

"शाळेत नोकरी मिळावी म्हणून, आबा."

"ऐकलंस, नाना?" म्हणत त्यांनी माझं झाकण मिटलं आणि त्याच्यावरच अर्ज ठेवून सही केली. ती सही मला अजून पत्र्यावर जाणवते.

तिसऱ्या वर्षी लीलाने दहाची चाळीस घरं केली आणि झाकणातल्या कागदावर शेवटच्या ओळीत तो आकडाही लिहिला. सत्याहत्तर साली ती बी.ए. झाली, मग बी.एड. झाली. आता ती शिरवळला मराठी शिकवते आणि रविवारी कागद घेऊन घरोघर हिंडते. मी गावी राहिले. माझ्यावर पेंडीचं पोतं आलं, कडी गंजली, कागदाचे कोपरे ओलाव्याने सुटले. वर्ष-दीड वर्ष मला कोणी उघडलंसुद्धा नाही.

परवा पेन्शनीत आलेल्या लालासाहेबांनी ते पोतं उतरवलं, चष्मा लावला आणि यादी वाचायला घेतली. शेवटची ओळ होती, स्वतःचा अभ्यास, चाळीस घरं. त्यांनी आत हात घातला. मी रिकामी होते. ते क्षणभर घाबरले. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी त्या ओळीपुढे लिहिलं, "सगळा माल शिरवळला रवाना," आणि खाली सही केली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल, तर तिच्यावरचं ओझं उतरवा, कडीला तेलाचं बोट लावा आणि झाकणातला कागद सोलण्याआधी एकदा वाचा. माझी यादी आजही बरोबर आहे.