एका झाकणातल्या गोळ्या

औषध-चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या अंकिताने डबीतल्या उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये ओतल्या आणि दोन-दोन करून मोजल्या. चौदा. बरोबर. समोर बसलेल्या मानसिंगने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. सोडला की लागलाच थरथरायला.

उंब्रजचा हा रिटायर हवालदार आणि जतकडचा बिरदेव फौजेत अठरा वर्षं एकाच कंपनीत होते. म्हातारपणी दोघांनाही पार्किन्सन व्हावा, हा कसला मेला योगायोग! कराडच्या दवाखान्यात चाचणी सुरू झाली तेव्हा दोघांनी एकाच दिवशी सह्या केल्या. खोकल्याचं जुनंच औषध मोठ्या डोसात दिलं तर मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबतात का, एवढंच बघायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, हे इथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

“काका, तुमच्यासारखे पेशंट पाहिजेत,” अंकिता म्हणाली. “एक गोळी चुकत नाही. पुढच्या लोकांना हे औषध द्यायचं का, ते याच आकड्यांवर ठरणार.”

मानसिंगने मांडीखालचा हात काढला आणि हलणाऱ्या बोटांकडे बघितलं. गेल्याच महिन्यात त्याच्या पुतण्याचं, ऋषिराजचं बोट चहाच्या कपावर तसंच हलताना त्याने बघितलं होतं. पोराची अजून चाळिशी झाली नव्हती.

“पोरी, ते आकडं खोटं हायती.”

“म्हणजे?”

“डब्या मिळाल्या की आमी दोगं खाली कँटीनात जातो. जेवणाच्या डब्याच्या झाकणात दोनी ओततो, कालवतो, निम्म्या-निम्म्या घेतो. बर्फात एका ताटात जेवलोय आमी. एकाला खरी आन् एकाला पिठाची, हे कसं चालंल?”

“कधीपासून?”

“पयल्यापास्नं. वरीस झालं.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं; तिचा चेहराच उतरला. दोघांचीही नावं चाचणीतून कमी करावी लागतील, गोळ्या आजपासून बंद, असं तिने हळू आवाजात सांगितलं.

बाहेर बाकावर बिरदेव नव्या डबीची वाट बघत बसला होता.

“मी सांगून टाकलं, गड्या. तुला न इचारता. दोगं बी भाईर.”

बिरदेवने डबीसाठी आणलेली पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

“ब्येस केलंस,” तो म्हणाला. “मला न्हाई जमलं.”

“आता खरी कुणाची हुती, ते बी कळायचं न्हाई.”

“माजी हुती.”

“तुला रं काय ठावं?”

“पयल्या दिवशी, कालवायच्या आदी, दोनी चावून बघितल्या. वरनं सारख्याच. आतनं तुजी गोडूस, माजी कडू जहर.”

मानसिंग त्याच्या शेजारी बाकावर बसला.

“आरं भाड्या, मग वरीसभर वाटलीस कशाला?”

“मग काय तुज्या म्होरं बसून एकट्यानं खाऊ?” बिरदेव म्हणाला आणि जतची एस्टी किती वाजता आहे ते विचारायला उठला.