कोण कुठे झोपणार?

दचकू नका. पलंगाच्या पायथ्याशी दगडाचा हा लांबट खळगा आहे ना, ज्यात तुम्ही आत्ताच तुमची बॅग ठेवलीत, तिथून मी बोलतेय. मी गव्हाण. मातेरा शहरात खडक कोरून केलेल्या शेकडो घरांपैकी एका घराच्या मागच्या भिंतीतली गव्हाण.

बॅग तूर्त राहू द्या. तुम्ही लांबून आलात, जरा टेका. तोवर मी माझी हकीकत सांगते.

मला कोणी घडवून इथे आणून ठेवलेलं नाही. या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या खडक पोखरत मागे मागे सरकत होती. इथवर आल्यावर त्यांनी एवढा दगड मुद्दाम राखला आणि मधून उकरला. ती मी. याला किती वर्षं झाली ते मला सांगता यायचं नाही. माझी कड मात्र हात लावून बघा, कशी गुळगुळीत आहे. ती छिन्नीने झाली नाही. कितीतरी जनावरांच्या गळ्यांनी घासून घासून झाली.

त्यातलं शेवटचं जनावर मोरा. काळंभोर खेचर. मादी होती, म्हणून घरात सगळे 'ती' म्हणत. आणि माणसं सात: आई, बाप, थोरला विटो, त्याच्या पाठची सेराफिना, मधले दोघे आणि एक तान्हं. खोली हीच, एवढीच. उजेड दारातून यायचा तेवढाच.

पलंग एक. कमरेएवढा उंच, फळ्यांचा, मक्याच्या पाल्याने भरलेल्या गादीचा. उशाकडे आई-बाप आणि मधले दोघे. पायाकडे विटो आणि सेराफिना, उलटे. म्हणजे बापाची पावलं यांच्या खांद्याला लागत. तान्हं कपाटाच्या खालच्या खणात, खण अर्धा ओढून ठेवलेला. कोंबड्या पलंगाखाली. मोरा माझ्यापाशी. तिच्या अंगाची ऊब हीच घराची शेगडी. सेराफिना अगदी कडेला झोपायची. तिचा हात खाली लोंबायचा आणि मोरा त्यावर फुरफुर श्वास सोडायची. रोज संध्याकाळी पोरं भांडायला लागली की आई म्हणायची, "कोण कुठे झोपणार ते केव्हाच ठरलंय. आता गप पडा."

त्या आईचं मला फार कौतुक वाटतं. सात माणसं आणि एक खेचर एवढ्याशा जागेत, पण चादर कधी मळकी दिसली नाही. आठवड्याची कणीक ती माझ्या शेजारी बसून तिंबायची. गल्लीची भट्टी सगळ्यांची मिळून एकच, म्हणून पाव ओळखता यावा यासाठी प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे. आमचा शिक्का बापाने कोरला होता. मोराचंच चित्र, पण कान जरा जास्तच लांब झाले. भट्टीवाला दारातून ओरडायचा, "अहो बाई, सशाच्या घरचे पाव झाले तयार!" आणि आई आतून म्हणायची, "ससा लाथ मारतो म्हणावं, जपून."

एकोणीसशे अठ्ठावन्न साली सरकारचा कारकून आला. ही वस्ती माणसांना राहण्याजोगी नाही, असं ठरलं होतं. खोटं नव्हतं ते. ओल होती, ताप होता, तान्ही मुलं जात. वर नव्या वसाहतीत सगळ्यांना पक्की घरं मिळणार होती.

"माणसं किती?" कारकुनाने विचारलं.

"सात," आई म्हणाली.

"तिसरा मजला. दोन खोल्या, नळ, संडास, सज्जा."

आईने पदर लावावा तसा एप्रन डोळ्यांना लावला. तेवढ्यात नऊ वर्षांची सेराफिना पुढे झाली. "आणि मोरा? ती कुठे झोपणार?"

कारकून हसला. "का गं, तुझी मोरा जिना चढते का?"

"रोज चढते. आमच्या गल्लीला एकशे दहा पायऱ्या आहेत."

कारकुनाचं हसू मावळलं. त्याने कागदात बघितलं, पण तिथे त्याचं उत्तर नव्हतं. 

जायच्या आदल्या पहाटे विटो उठला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बापाने त्याला मोराला बाजारात विकायला न्यायला सांगितलं होतं. स्वतः न्यायची त्याची छाती झाली नाही. विटोने सेराफिनाच्या खांद्याला हात लावला. बाप कुजबुजला, "उठवू नको तिला. रडून गल्ली गोळा करेल." विटोने हात मागे घेतला. मग माझ्यावर वाकून त्याने मोराच्या आयाळीची एक बट कापली, तिची वेणी घातली, लाल दोरा बांधला आणि माझ्या वरच्या कपारीत आत सारली. माझ्या कडेवर कपाळ टेकून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. माझा दगड त्या जागी ओला झाला. मग दावं सोडून तो मोराला घेऊन गेला.

सेराफिना उठली तेव्हा मी रिकामी होते. ती ओरडली नाही, रडलीही नाही. विटो परत आला तेव्हा एवढंच म्हणाली, "चोर."

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. कुणी परत येऊन राहू नये म्हणून दार विटांनी बुजवलं. त्यानंतरची पन्नासहून जास्त वर्षं मी अंधारात काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाणी ठिबकायचं, तेवढंच.

विटा फोडून पहिल्यांदा आत आली ती डोनाता, सेराफिनाची लेक. हातात विजेरी, केसांत चुना. सरकारशी करार करून तिने घर घेतलं होतं, पाहुण्यांना उतरायला जागा करायची म्हणून. चार वर्षं ती गवंड्याबरोबर राबली. ओल मारली, भिंती घासल्या. माझी कड तर तिने स्वतः दात घासायच्या ब्रशने साफ केली. गवंडी म्हणाला, "हा खळगा भरून टाकू, पलंग मोठा बसेल." डोनाता म्हणाली, "पलंग लहान आणा." त्या दिवसापासून मी तिची झाले. वरची कपार तेवढी गवंड्याने चुना-वाळूने लिंपली. आत काय आहे हे त्याने पाहिलं नाही.

तेव्हापासून आठ वर्षं मी पाहुणे बघतेय. माणसं उतरायची जागा कशी निवडतात, मोठी गंमत आहे. कुणी आधी लिफ्ट आहे का विचारतं. खडकात लिफ्ट! कुणी दारावरच्या नव्या खिडकीतून चर्चचा घुमट दिसला पाहिजे म्हणून अडून बसतं आणि मग चार दिवस पडदा उघडत नाही. एक गृहस्थ तर मोरा वैरण हुंगायची तशी प्रत्येक भिंत हुंगत फिरले, "ओल नाही ना?" पण बहुतेक माणसं चांगली. आत येतात, आवाज खाली आणतात, भिंतीवर हात ठेवून क्षणभर थांबतात. अनोळखी घरात शिरताना असं थांबणारी माणसं मला आवडतात.

फक्त सेराफिना कधी आली नाही. वरच्या वसाहतीतून इथे उतरायला वीस मिनिटं लागतात. लेकीने बोलावून बोलावून नाद सोडला. "ज्या बिळाची लाज वाटून मी शाळेत पत्ता सांगत नव्हते," ती म्हणायची, "तिथे लोक हौसेने झोपतात? झोपू देत. मला नळ आहे."

मग गेल्या मे महिन्यात डोनाता चादर घालत होती. फोन माझ्यात ठेवलेला, आवाज मोठा केलेला.

"विटोने तुझ्याकडे खोली मागितली? तुझ्याकडे?" सेराफिना पलीकडून कडाडली.

"हो. तीन रात्री. हीच खोली."

"अगं, भाऊ जर्मनीहून चौदा वर्षांनी येतोय आणि बहिणीचं घर असताना भाड्याच्या खोलीत उतरतो? जिन्यावरच्या शेजारणींना काय तोंड दाखवू? माझ्या लग्नातल्या चादरी काढून ठेवल्यात मी, इस्त्री करून!"

"आई, मामाचं हृदयाचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. त्याला इथेच झोपायचंय. कारण सांगत नाही."

मग, "त्या बिळात झोपला, तर माझ्या टेबलावर त्याचं पान नाही म्हणून सांग. साठ वर्षांत त्या चोराने मला दुखवायचं काही सोडलं नाही!"

आणि फोन बंद.

विटो आला. ऐंशीचा, काठी टेकत, एकशे दहा पायऱ्यांवर अकरा वेळा थांबून. दारात त्याने टोपी काढली. थेट माझ्यापाशी आला, पूर्वी कपाळ टेकलं होतं त्याच जागी हात ठेवला. मग वर कपार चाचपू लागला. कपार नव्हती, सपाट पांढरी भिंत होती. त्याने बोटांनी ठोकून पाहिलं, कान लावला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'आहे रे, आहे, बोटभर चुन्यामागे आहे.' पण दगडाचं कोण ऐकणार. तो पलंगावर बसून राहिला.

एक दिवस गेला. तो एकटाच बाहेर जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, दारं लोटून सगळं शहर आडवं होतं त्या वेळी, उंबऱ्याशी कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. सेराफिना. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. मागे डोनाता, चेहऱ्यावर भीती आणि हसू दोन्ही.

"बाकल्याच्या सुक्या दाण्यांचं वरण आहे, वर कडू पाला," सेराफिना उंबऱ्यापलीकडूनच म्हणाली. "टेबलावर पान नाही म्हटलं होतं. पातेल्याचं काही बोलले नव्हते. घे."

"आत ये."

"नाही येत. गुडघे बघ माझे."

"गुडघ्यांनी एवढ्या पायऱ्या उतरलीस, अन् उंबरा जड झाला?"

"तू गप. हॉटेलात राहणाऱ्याने मला शिकवू नये."

विटो हसला. मग त्याचं हसू मिटलं. "सेराफी, मी हीच जागा का मागितली माहितेय? ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी तुझी एक वस्तू तुला द्यायची होती. ती इथे होती." आणि त्याने सांगितलं. पहाट, बापाचं कुजबुजणं, खांद्यावरून मागे घेतलेला हात, बट, लाल दोरा. "तुला त्याच दिवशी सांगणार होतो. तू चोर म्हणालीस अन् मी चिडलो. मग दार बुजलं. मग मी जर्मनीला गेलो. मग इतकी वर्षं झाली की सांगायचीच लाज वाटायला लागली. आणि आता बघतो तर कपारच नाही."

सेराफिनाचा पाय उंबऱ्याच्या आत आला. सहासष्ट वर्षांनी. ती माझ्यापाशी आली, माझ्या कडेवरून हात फिरवला, तिची बोटं दावं ओवायच्या भोकात आपोआप गेली.

"तू मला उठवायला हात लावला होतास?"

"लावला होता."

"मला वाटलं स्वप्नात मोरा हुंगतेय," ती म्हणाली, आणि मग ती रडली. नऊ वर्षांची असताना राहिलेलं सगळं.

डोनाता घाईने म्हणाली, "आई, उकरू का? कपार लिंपलीय, काही काढलेलं नाही. दहा मिनिटांचं काम आहे. स्क्रू-ड्रायव्हर आहे माझ्याकडे."

सेराफिनाने त्या पांढऱ्या भिंतीवर तळवा ठेवला. "नको," ती म्हणाली. "मी त्या कारकुनाला विचारलं होतं, ती कुठे झोपणार. कुणी सांगितलंच नाही मला. आज कळलं. झोपू दे तिला."

मग डोळे पुसून ती भावाकडे वळली. "सरक तिकडे. एवढं उतरून आलेय, पाठ टेकू दे."

"ही घे उशी."

"उशी तुला. माझी जागा पायाकडे."

आणि ती दोघं आडवी झाली, तो उशाकडे, बापाच्या जागी, ती पायाकडे, उलटी. तिचा हात कडेवरून खाली माझ्यात लोंबला. डोनाताने हळूच दार लोटून घेतलं. वरण निवत पडलं. मी कितीतरी माणसं झोपलेली पाहिली आहेत, पण माणसं अशी आपल्या जागी झोपलेली मी फार वर्षांनी पाहिली.

तिसरी रात्र विटो बहिणीच्या इस्त्रीच्या चादरींवर झोपला. जाताना म्हणाला, बायकोपेक्षा बहीण जास्त घोरते. ऑपरेशन नीट झालं. आता तो जर्मनीहून बहिणीला फोन करतो आणि पहिला प्रश्न एकच विचारतो, "घातलंस का?"

कारण सेराफिना आता दर गुरुवारी येते. पायऱ्या मोजत, कुरकुरत, शहराबाहेरच्या उतारावरून खुडलेलं मूठभर ओटचं हिरवं गवत घेऊन. पाहुणे असले तर त्यांची परवानगी मागते, माझ्यात ते ठेवते, दोन मिनिटं उभी राहते आणि जाते.

तुम्ही शंभर जागा बघून ही निवडलीत, याचा मला आनंद आहे. सुखाने राहा. भिंतींना हात लावा, वरच्या त्या पांढऱ्या तुकड्याला तेवढा खिळा मारू नका. आणि आता जरा बसून झालं असेल, तर ती बॅग उचलून खाली ठेवाल का?

आज गुरुवार आहे.