कडेचा पांढरा पट्टा

"हा पांढरा पट्टा म्हणजे मुक्ती," प्रदर्शन भरवणाऱ्या बाई म्हणाल्या. "एवढा सगळा तपकिरी रंग म्हणजे आजारपण, आणि कडेला ही शांत रेघ. आई सुटली!"

चित्राचं नाव 'आई'. काढलं होतं थोरल्यानं, आणि चौकट करायची होती धाकट्यानं. नऊ वर्षं दोघं भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. पण चौकटीच्या कामात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून बाईंनीच थोरल्याला ओढत दुकानात आणलं होतं.

"सुटली म्हणे!" धाकट्यानं मोजपट्टी खाली ठेवली. "बाई, ही दाराची फट आहे. तपकिरी ते दार, पांढरी ती आईची चादर. दोन वर्षं मी तिचं हगणं-मुतणं काढलं. हे आमचे थोरले एकदा आले, बाहेरूनच डोकावले आणि ढुंगणाला पाय लावून पळाले. जेवढं दिसलं तेवढं काढलंय."

बाई फोनचं निमित्त करून बाहेर सटकल्या.

"परक्या बाईसमोर लाज काढलीस," थोरला म्हणाला.

"तू भिंतीवर टांगायला निघालास ती?"

"मग झाक तो पट्टा. चौकटीखाली जाऊ दे."

जाणारच होता. चौकटीची आतली कड चारही बाजूंनी अर्धं बोट चित्र खाते, आणि पट्टा नेमका तेवढाच होता. धाकट्यानं लाकूड काढलं.

"तिला कळलं होतं का रे, मी आलो होतो ते?"

या प्रश्नाची धाकटा नऊ वर्षं वाट बघत होता. 'नाही, तुझ्या नावानं झुरत गेली' हे उत्तर त्यानं धार लावून ठेवलं होतं. भाऊ जन्मभर जळावा, असंच त्याला वाटत आलं होतं.

"कळलं होतं," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला. "मी दार लावायला उठलो, तर म्हणाली, लावू नकोस, थोरला उभा आहे. गार वाऱ्यानं खोकून खोकून बेजार व्हायची, पण शेवटपर्यंत लावू दिलं नाही."

थोरला कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. धाकट्यानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. करवत घेऊन त्यानं चौकटीची पट्ट्याच्या बाजूची आतली कड कापून टाकली.

"गुरुवारी घेऊन जा," तो म्हणाला. "या बाजूनं उघडं राहील."