शेवंती कोणाचं ऐकते

दीपमालाच्या मामांना गप्प बसता येत नाही, हे केळझरच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. रूपराव मामा शेतात उभे राहिले की दोन धुरे-बांध पलीकडच्या माणसाला त्यांच्या घरी रात्री कुठली भाजी होती ते कळतं. जयवंता मामी सांगते, लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही हा माणूस पलीकडून मंगलाष्टकांची चाल दुरुस्त करत होता. त्यांचं तोंड बंद करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वर्ध्याचा गोरसपाक. तो तुपाळ, भुसभुशीत तुकडा तोंडात असेपर्यंत बोलायची सोय नसते. बोललात तर समोरच्याच्या सदऱ्यावर भुगा. म्हणून मामी घरातला गोरसपाकाचा डबा कधी रिकामा होऊ देत नाही.

पण या तोंडाचा दरारा बैलांत मोठा होता. मामा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचे. हातात ना टोचायची तुतारी ना चाबूक, नुसता आवाज. "चाल माह्या राजा" म्हटलं की बैल सुटायचे आणि "बस बस, झालं बाप्पा" म्हटलं की थांबायचे.

दीपमाला लहानपणीच मामांकडे राहायला आली. जन्मापासून तिचे पाय ताठ, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. आईवडील पुलगावला, आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात व्यायामाला जायचं तर मामांचं घर बरं पडायचं. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, अशा मुलांना घोड्यावर बसवलं तर पाय सैल व्हायला मदत होते. त्या सहज बोलल्या. मामांनी मात्र पुढच्याच आठवड्यात अंगणात घोडी आणून बांधली.

ही शेवंती. पांढरी, पोट जरा सुटलेली, डोळ्यांनी फार शहाणी. मूळची वरातीची घोडी, पण तिला बँड सोसायचा नाही. सेलूच्या एका लग्नात बाजा सुरू झाला तशी ती वळली आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन शांतपणे त्याच्या घरी परत आली. नवरदेवाची आई दारात कपाळाला हात लावून बसली. त्यानंतर मालकाला ती नकोशी झाली आणि मामांना हवीशी.

शेवंतीच्या पाठीवर दीपमाला पहिल्यांदा बसली तेव्हा तिला रडू आलं होतं. भीतीनं नव्हे. इतक्या उंचावरून तिनं मामांच्या डोक्यावरचं टक्कल पहिल्यांदाच पाहिलं आणि आपणही कोणाकडे तरी वरून बघू शकतो, याचा तिला फार आनंद झाला.

पुढे नागपूरला एका मेळाव्यात गजेंद्र सरांनी तिला पाहिलं. सर सैन्याच्या घोडदळातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, मिशी मात्र भरघोस. त्यांनी तिला पॅरा-ड्रेसाजची ओळख करून दिली. हा अपंग स्वारांचा खेळ. चौकोनी रेताड मैदान, कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. अमुक अक्षराशी थांबायचं, तमुक अक्षराकडे वळायचं, मध्येच गोल फिरायचं. खरी गंमत अशी, की स्वारानं घोड्याला काय सांगितलं ते बघणाऱ्याला दिसता कामा नये. ज्यांचे पाय काम देत नाहीत त्यांनी पायांऐवजी दोन हातांत दोन छड्या धरून हलकेच स्पर्श करायचा. आणि कोणाला क्रम आठवत नसेल तर बाहेर उभं राहून एकानं पुढची चाल मोठ्यानं वाचून दाखवली तरी चालते.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मामांची कळी खुलली.

"म्हंजे बोलाले माणूस लागते?" त्यांनी विचारलं. "अन् तो बी मोठ्यानं?"

दीपमालाला क्रम तोंडपाठ असायचा. पण मामांचा तो चेहरा पाहून तिच्यानं नाही म्हणवलं नाही.

मामांचं आणि इंग्रजी अक्षरांचं जमेना, तेव्हा त्यांनी शेताच्या कडेला मैदान आखून त्यात अख्खा जिल्हा वसवला. 'ए' म्हणजे आर्वी. समोरच्या टोकाला 'सी', म्हणजे सिंदी. सिंदीहून डावीकडे वळलं की 'एच'चं हिंगणघाट, पुढे 'ई'ची एकुर्ली आणि 'के'चं केळझर. उजवीकडे वळलं की मांडगाव आणि बोरधरण. 'एफ'साठी गाव सापडेना, तेव्हा त्यांनी पुलगावचं फुलगाव करून टाकलं. मग ते कुंपणाशी उभं राहून गर्जायचे, "चाल माय, सिंदीवरून हिंगणघाट!" आणि दीपमाला हिंगणघाटला जायची. बक्षिसंही येऊ लागली. नागपूर, मुंबई, मग राज्याचं अजिंक्यपद, तेही पुन्हा पुन्हा. गावात सत्कार झाला. दीपमालानंतर मामांनाही शाल दिली आणि मामांनी इतका वेळ भाषण केलं की सरपंचांचं राहूनच गेलं.

पुण्याच्या स्पर्धेपर्यंत सगळं असं झकास चाललं होतं.

पुण्याला दीपमाला मैदानात शिरली, मधोमध थांबली आणि तिनं परीक्षकांना मान झुकवून सलाम केला. या सलामाला मामांचे डोळे दरवेळी भरून येतात. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि चुकीची ओळ वाचली. म्हणायचं होतं हिंगणघाट, ते म्हणाले, "सिंदीवरून मांडगाव!"

दीपमालाला चूक कळली. तिनं डावा लगाम हलकेच आवळला, छडी टेकवली, अंगाचा तोल डावीकडे दिला. शेवंतीनं एक कान मामांकडे केला आणि ऐटीत, जराही न अडखळता उजवीकडे वळली.

परीक्षकांनी घंटा वाजवली. लोक हसले, पण मायेनंच. दीपमालानं चाल पुन्हा केली, थोडे गुण गेले आणि तरीही दुसरा नंबर आला. मामा हात जोडून सगळ्यांना सांगत होते, "चूक माही हाय जी, पोरीची नाई. घोडीनं तं बरोब्बर आयकलं!"

बरोब्बर ऐकलं. तेच दीपमालाच्या मनात रुतून बसलं. परतीच्या वाटेवर मामी गोरसपाक पुढे करत होती आणि ती तो तसाच परत डब्यात ठेवत होती. आजवरची सगळी पदकं तिच्या डोळ्यांपुढून गेली. ती जिंकली कोणी होती? आपण घोडेस्वार आहोत, की मामांच्या आवाजामागे पाठीवर बसून फिरणारं ओझं?

तिनं गजेंद्र सरांना सरळ विचारलं. सरांनी मिशीवरून हात फिरवला.

"मला शंका होती," ते म्हणाले. "आणि हे आता महत्त्वाचं आहे. भोपाळला देशाच्या संघाची निवड आहे. निवड झाली तर परदेशात शेवंती येणार नाही, तिकडचाच एखादा घोडा मिळेल. तो हिंगणघाट ओळखणार नाही."

"म्हणजे मला येतं की नाही, ते तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही," सर म्हणाले. "आणि तुलाही नाही."

आता मामांना सांगायचं कसं? सकाळी मामा शेवंतीला खरारा करत होते आणि अर्थातच बोलत होते. दीपमाला कुबड्या टेकवत जवळ गेली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

"मामाजी, आता तुमी बोलू नका. मी शेवंतीवर असली की एक शब्दबी नाई. भोपाळलेबी नाई."

खरारा थांबला. मामांचं तोंड उघडं राहिलं, त्यातून काहीच आलं नाही, आणि हे दृश्य इतकं अपूर्व होतं की मामी स्वयंपाकघरातून बाहेर बघायला आली.

"काऊन वं?" मामांनी शेवटी विचारलं. "एकदा चुकलो म्हून?"

"तुमी चुकले म्हून नाई. शेवंती तुमचंच आयकते म्हून. माह्यं कोणी आयकते का नाई, ते मले पाहाचं हाय."

मामा काही बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत. जेवताना त्यांनी मीठसुद्धा बोटानं मागितलं. दीपमालाला फार वाईट वाटलं. ज्यानं तिला उंचावर बसवलं, त्यालाच तिनं कुंपणाबाहेर काढलं होतं. पण शब्द मागे घेणं तिला जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या सरावाच्या वेळी मामी नवऱ्याला केळझरच्या गणपतीला पाठवू लागली. मामा टेकडीवर जाऊन बसायचे. तिथले पुजारीबुवा काही दिवसांत कंटाळले म्हणतात.

इकडे शेवंतीनं संपच पुकारला. दीपमाला वर बसली की ती चारही पाय रोवून उभी राहायची आणि कान फिरवत मामांचा आवाज शोधायची. छडी लावली तर शेपटी उडवायची. एकदा रस्त्यावरून फटफटी गेली, मामा आले असं वाटून ती दीपमालासकट फाटकाशी जाऊन उभी राहिली. दीपमाला आधी चिडली, मग रडली आणि मग एका सकाळी हट्ट सोडून नुसती बसून राहिली. घोडीच्या पाठीत ऊन उतरलं होतं. तिनं खोल श्वास घेतला, पाठ ताठ केली, आणि काय आश्चर्य, शेवंतीचा एक कान मागे वळला. दीपमालानं कमरेतून जरासा रेटा दिला. शेवंती एक पाऊल चालली.

ते पाऊल तिच्या सगळ्या पदकांहून मोठं होतं. ती मोठ्यानं हसली, तशी घोडी दचकून पुन्हा थांबली. पण वाट सापडली होती. श्वास, पाठ, कंबर, छडीचं टोक. हळूहळू एकुर्ली आली, केळझर आलं, सगळा जिल्हा पुन्हा पायाखाली आला. मामा टेकडीवरून परत आले की मामीला हळूच विचारायचे, "चालली का?" मामी नुसती मान हलवायची. हो की नाही, ते मुद्दाम कळू द्यायची नाही.

भोपाळला मामा आले. न येऊन कसं चालेल? कुंपणाशी उभे राहिले, हात मागे बांधून. दीपमाला मैदानात शिरली, थांबली, मान झुकवली. निघाली. आर्वीहून सिंदीकडे सरळ, आणि सिंदीच्या जरा अलीकडे शेवंतीला कुंपणापलीकडचं ओळखीचं टक्कल दिसलं. तिचं पाऊल मंदावलं, दोन्ही कान तिकडे गेले. आता थांबेल, दीपमालाला वाटलं. आता ही उभी राहणार आणि सगळं संपणार.

तिचीही नजर क्षणभर मामांकडे गेली. मामांचे डोळे विस्फारलेले, मान लाल झालेली, शब्द पार ओठांपर्यंत आलेला तिला दिसला. त्याच क्षणी मामांनी सदऱ्याच्या खिशातून दोन गोरसपाक काढले, दोन्हीच्या दोन्ही तोंडात कोंबले आणि मैदानाकडे पाठ फिरवली.

दीपमालानं श्वास घेतला. पाठ, कंबर, छडीचं टोक. एक कान मागे आला, मग दुसरा. शेवंती डावीकडे वळली, हिंगणघाटकडे, आणि तिथून पुढे दीपमालाला वर्तुळं, थांबे, वळणं अशी वेगळी आठवत नाहीत. मनात आलं आणि घोडी गेली, एवढंच आठवतं.

गुण लागले तेव्हा तिचं नाव पहिलं होतं. संघात निवड झाली. गजेंद्र सर मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "आता मला माहीत आहे." मामी भेटेल त्याला गोरसपाक वाटत सुटली.

मामांचं तोंड अजून भरलेलंच होतं. त्यांनी कसाबसा घास गिळला, डोळे पुसले, कुंपणातून हात पुढे केला आणि रोज संध्याकाळी हाक मारायचे तशी मारली. "ये माय शेवंते, ये."

शेवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. कान टवकारले. पण जागची हलली नाही. पाठीवरून काही सांगणं येतं का, याची वाट पाहत उभी राहिली.

मामांचा हात तसाच राहिला. मग त्यांना समजलं आणि ते आधी हसले की आधी रडले, ते मामीलाही नीट सांगता येत नाही.

"आयकत नाई वं माह्यं!" ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले. "पाह्य ना, आता हे तुह्यंच आयकते!"

दीपमालानं लगाम सैल सोडला, कमरेतून हलकाच रेटा दिला आणि घोडीला मामांकडे नेलं.