तिफणीमागची जागा

साल २००७. कापसाने दगा दिला आणि मूर्तिजापूरकडची माणसं सुरतेच्या कापड कारखान्यांत जाऊ लागली. डोमाजीही गेला. मागे राहिली त्याची बायको भागीरथा, जन्माची मुकी-बहिरी.

डोमाजीचा फोन धाकट्या भावाकडे, देवरावकडे यायचा. देवराव बराच वेळ ऐकायचा आणि वहिनीकडे बघून मान डोलवायचा, बरा आहे म्हणून. तिच्या वाट्याला नवरा एवढाच येई.

मग एकदा देवरावने खुणेने सांगितलं, भाऊ आता येत नाही, बैल विकायला सांगितलेत. भागीरथा दावणीपुढे बसली ती उठेना. शेवटी तो तिला मूर्तिजापूरला शाकीबच्या इंटरनेटच्या दुकानात घेऊन गेला. तिथे कॅमेऱ्यावर दूरचा माणूस दिसायचा.

पडद्यावर सुरतेच्या तसल्याच दुकानातून डोमाजीचं नुसतं तोंड आलं, कसनुसं हसणारं. त्या दोघांची बोली तोंडात कधी नव्हतीच. खांदे, कंबर, पाय, सगळं अंग बोलायचं. भागीरथा उठून मागे मागे दारापर्यंत गेली.

"भाभी, कुठी चालल्या? क्यामेरा इकडे हाय," शाकीब म्हणाला.

"तिले काय आयकू येते, बाबू?" देवराव म्हणाला.

पेरणीला डोमाजी पुढे बैलांची तिफण धरायचा आणि ती मागून, तिफणीला दोरीने बांधलेल्या सरत्याच्या नळीत तुरीचं बी सोडायची. दारात तिने तशीच एक मूठ धरली, दुसऱ्या हाताने बी सोडत हळूहळू पावलं टाकली. दुकानात नंबर लावून थांबलेली पोरं फिदीफिदी हसली.

डोमाजी बघत राहिला. मग खुर्ची सारून उठला आणि वळला.

"घ्या, पाठ फिरवली भावानं," देवराव पुटपुटला. "आता तरी समजंल इले."

पण डोमाजी पाठमोराच दोन्ही मुठी खाली दाबत, उजवा खांदा जरा पाडून, भिंतीपर्यंत चालत गेला. वावरातलं पेरणीचं तास संपल्यासारखा तिथे थांबला. मान वळवून मागे पाहिलं, ती येते आहे का म्हणून.

भागीरथेने पदराने डोळे पुसले आणि दिराला खुणावलं, बैल राहतील. देवरावने वाद घातला नाही.

त्या मृगाला डोमाजी आला नाही, पुढच्याही नाही. दोन पेरण्या तिने मजुराची पाठ बघत काढल्या. तिसऱ्या वर्षी तो आला आणि परत गेला नाही. पुढे वावरातच एका दुपारी त्याची छाती दुखली आणि तो गेला. शाकीबचं दुकान माणूस दिसणारे मोबाइल घरोघरी आल्यावर बंद पडलं, आता तो तयार कपडे विकतो. देवरावने अकोल्यात पानठेला टाकला. भागीरथा तेल्हाऱ्याला दिलेल्या लेकीकडे असते. लेक जीव लावते, नातवंडं जेवायच्या, झोपायच्या खुणा करतात. त्यापुढचं बोलायला तिथे कुणी नाही.