ड्रमवाल्याची हरकत

"सातबारा कुठाय?" नवनाथने मान वर न करताच हात पुढे केला.

"दिल्लीला सातबारा कशाला लागतोय?" जुबेदा म्हणाली.

"वैनी, हरकत म्हनली की सातबारा आलाच. माज्या हातनं बिनसातबाऱ्याची हरकत आजवर गेलेली नाय."

खालापूरच्या तहसील कचेरीबाहेर नवनाथ अर्ज लिहून देतो. या तालुक्यात रस्त्यासाठी, कारखान्यासाठी, पाइपांसाठी जमीन मोजायला कोणी आलं की गाव आधी त्याच्याकडे धावतं. हरकत कशी घ्यायची हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आजची हरकत जमिनीची नव्हती. घातक रसायनांच्या रिकाम्या ड्रमांबद्दल दिल्लीत एक विधेयक मांडलं गेलं होतं. ते खासदारांच्या समितीकडे गेलं होतं आणि समितीने पेपरात जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, पंधरा दिवसांच्या आत. भजी बांधून आलेल्या कागदावर शब्बीरने ती जाहिरात वाचली, तेव्हा त्यातले चारच दिवस उरले होते.

शब्बीर म्हणजे जुबेदाचा नवरा. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्याचं ड्रमांचं दुकान. कारखान्यांतून निळे ड्रम आणायचे, धुवायचे आणि पाणी भरायला गावोगाव विकायचे. बावीस वर्षं हेच. घर त्यावर उभं राहिलं, मुलीचं लग्न त्यावर झालं.

"लिव," शब्बीर म्हणाला. "कलम नऊ. ड्रमावर धोक्याची चिठ्ठी चिकटवायची म्हनत्यात. लाल चौकटीची, जगातल्या देशांनी मिळून ठरवलेली. चिठ्ठी चांगलीच हाय, पन टिकत नाय. मी सोता काथ्यानं घासून काढतो. दोन मिंटांत निघते."

नवनाथचा हात थांबला. "शब्बीरभाय, हे लिवायचं?"

"हेच लिवायचं. म्हनून ड्रम कारखान्याच्या गेटाभायेर पडायच्या आधी त्याच्या बुडाला भोक पाडा. मंग त्यात पानी कोन भरनार?"

"मंग तुमच्याकडनं ड्रम तरी कोन घेनार?"

शब्बीरने कागद त्याच्यापुढे सरकवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस जुबेदा समोर बघत होती. तिला संताप आला होता, पण तिने त्याला अडवलं नाही, कारण दहिवलीला जे झालं ते तिनेही पाहिलं होतं.

दहिवलीचा गोमा हा भातशेतीवाला शब्बीरचं जुनं गिऱ्हाईक. मागच्या वर्षी घरी पूजा होती म्हणून त्याने ड्रम नेला. शब्बीरने तो तीनदा धुतला होता. तरी तळाच्या खोबणीत काहीतरी राहिलंच. गोमाच्या सहा वर्षांच्या नातीने, समिधाने, त्यातलं पहिलंच भांडं तोंडाला लावलं आणि तिचा घसा जळला. पोर वाचली, पण तीन महिने नळीने जेवली. शब्बीर रोज दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचा. गोमा पोलिसांत गेला नाही, अंगावरही धावून आला नाही. एवढंच म्हणाला, "तू धुतला व्हतास ना रं? मंग?"

त्या "मंग?"ने शब्बीरची झोप उडवली होती.

अर्ज गेला. मराठीत एक प्रत, हिंदीत एक, आणि मागे दीड गुंठ्याचा सातबारा जोडलेला. दिल्लीवाल्यांनी त्या सातबाऱ्याचं काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

"आता सुनावनीची नोटीस येईल," नवनाथने ठासून सांगितलं. जमिनीच्या हरकतीत प्रत्येकाला सुनावणी मिळते, तशी याही हरकतीत मिळणार असं तिघंही धरून चालले. शब्बीरने पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. पोस्टमन दिसला की तो रस्त्यावर जाऊन उभा राहायचा.

"तितं मोठी मोठी मानसं बोलवत्यात," जुबेदाने टोमणा मारला. "तुमाला कोन विचारतंय?"

"मोठ्या मानसांनी कदी चिठ्ठ्या घासल्यात काय गं?"

नोटीस आली नाही. समिती मोजक्याच लोकांना बोलावते, असं नवनाथला पुढे कुणा वकिलाकडून कळलं. शेवटी शब्बीरने तो सदरा जुम्म्याच्या नमाजाला घातला. जुबेदाला तेव्हा त्याची फार दया आली.

सात महिन्यांनी नवनाथ फटफटीवरून आला तो छापील कागद फडकावतच. समितीचा अहवाल होता. त्याने बोट ठेवून वाचलं, "या व्यवसायातीलच एका व्यक्तीने निदर्शनास आणले की, चिठ्ठी दोन मिनिटांत निघते; म्हणून ड्रमाच्या बुडाला भोक पाडावे. समिती ही सूचना स्वीकारते."

"नाव?" जुबेदाने विचारलं.

"नाव नाय."

"ऱ्हाऊ दे नाव," शब्बीर म्हणाला. "परत वाच." नवनाथने ते तीनदा वाचलं. मग विधेयक भोकाच्या कलमासकट एका सभागृहात पास झालं, नंतर दुसऱ्यात. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापून आलं. कायदा ही वरून खाली येणारी गोष्ट असते, असं जुबेदा आजवर समजत होती. तिच्या मोरीतला काथ्या इतक्या लांब जाऊन आला, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. तिथे कुणीतरी तो कागद बसून वाचला होता. आणि इथे एका माणसाने तो लिहिला होता, ज्याला न लिहिण्यातच फायदा होता.

कायदा लागू झाला त्या सकाळी चौक गावाहून एक टेंपोवाला आला. बिनभोकाचे नवे ड्रम आता येणार नव्हते. अंगणातल्या चाळीस ड्रमांना तो दुप्पट भाव द्यायला तयार होता.

"देऊन टाका," नवनाथ म्हणाला. "कायदा मागच्या मालाला लागू नाय. मी सोता वाचलंय."

"मीबी ऐकलंय," शब्बीर म्हणाला आणि घरातून ड्रिल मशीन घेऊन आला.

टेंपोवाला शिव्या देत निघून गेला. नवनाथ कपाळावर हात मारून बाकावर बसला. जुबेदा तरातरा बाहेर आली. आता मात्र बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं. हे चाळीस ड्रम म्हणजे शेवटचा माल. पुढे काय खायचं, ते तिला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

शब्बीरने एक ड्रम आडवा पाडला होता. ड्रिल टेकवलं की ड्रम गडगडायचा, तो पुन्हा सरळ करायचा, पुन्हा गडगडायचा. पन्नाशीचा माणूस, घामाने निथळत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासायला येणार नव्हतं, कुठे छापून येणार नव्हतं.

तिने ओढणी कमरेला खोचली आणि त्या ड्रमावर घट्ट बसली.

"पाडा आता," ती म्हणाली.